एकतीस माना

माझ्या बायकोच्या मते माझं व्यसन दारूपेक्षा वाईट आहे, कारण दारू पिणारा निदान दुसऱ्या दिवशी लाजतो. मी दोन इंची माणसं बनवतो. नळाची गळती बुजवायला दुकानात दोन रंगांची पुटी मिळते. ती मळायची, तारेच्या सांगाड्यावर लिंपायची आणि दातांच्या डॉक्टरने टाकून दिलेल्या हत्यारांनी नाक, बोटं, धोतराच्या निऱ्या कोरायच्या. सगळी जुन्या काळातली माणसं. पालखीचे भोई, शिपाई, मिठाची पोती वाहणारे बैलवाले. बायको त्यांना बाहुल्या म्हणते. पूर्वी मला राग यायचा.

गोव्यातल्या पाळी गावच्या लोखंडाच्या खाणीवर मी ड्राफ्ट्समन होतो. सुतासुताचा हिशेब करण्यात आयुष्य गेलं. खाणी बंद पडल्यावर पेडण्यातल्या घरी येऊन बसलो आणि बारकाव्याची ती खोड हातात तशीच राहिली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मोबाइलवर आमच्यासारख्या छंदिष्टांचा एक ग्रुप आहे, देशोदेशींचे लोक आहेत त्यात. एकदा तिथे कुणीतरी विचारलं, वेळ, पैसा, जागा कशाचीच अडचण नसती तर तुम्ही काय बनवाल? उत्तरांचा पाऊस पडला. कुणाला आठशे घोडेस्वारांची लढाई हवी होती, कुणाला अख्खं आरमार. मी लिहिलं, ‘सीमेवरचा नाका. एक साधी सकाळ. बत्तीस माणसं.’

पोर्तुगीज अमदानीत आमचं पेडणं आणि शेजारची सावंतवाडी हे दोन वेगळे देश होते. माहेर एकीकडे, सासर दुसरीकडे. पाखल्यांच्या, म्हणजे गोऱ्या पोर्तुगिजांच्या नाक्यावर माणसं डोक्यावर भारे घेऊन रांगेत उभी राहायची, आणि त्या भाऱ्यांत लपवलेलं काही ना काही असायचंच. लढाया सगळेच बनवतात. ही रांग कुणी बनवली नव्हती. मला वाटलं, आपण नाही बनवली तर ती कायमची गेली. असं वाटणं हा मोठेपणाचाच एक प्रकार असतो, पण तेव्हा ते कळत नाही.

रांग पाहिलेलं माणूस माझ्या शेजारीच राहत होतं. आमच्या कुंपणापलीकडची काकी आता पंच्याऐंशीच्या आसपास आहे. लहानपणी ती काजूच्या झाडावरून पडली होती, हात कुणीतरी झाडपाला बांधून बसवला आणि तो उजव्या कोपरात वाकडाच राहिला. त्यामुळे भारा असो की घागर, ती डाव्या हातानेच धरते. मी दुपारी चहाच्या वेळी वही घेऊन जायचो. टोपल्या कसल्या होत्या, बायका कासोटा घालायच्या का, शिपायाचे बूट कसले होते, असं काहीबाही विचारायचो. ती खुशीत सांगायची. चित्र काढून दाखवलं की चष्मा सावरून माझ्या चुका काढायची.

“टोपी अशी खंय होती रे? फुडे चोंच होती तिका.”

मी टोपीला चोच काढायचो. मोप्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, विमानतळ होण्याआधी आणलेली माती माझ्याकडे दोन डबे होती, ती मलमलीतून चाळून मी रस्ता केला. मांद्र्याच्या किनाऱ्यावरची वाळू नदीकाठासाठी वापरली. खाणीची लाल धूळ तर माझ्या जुन्या बुटांतच भरपूर होती. सहा महिन्यांत नाका उभा राहिला, रांग उभी राहिली, पण काही केल्या त्यात जीव येईना. ग्रुपवर फोटो टाकले. एका जाणत्याने लिहिलं, ‘काम उत्तम, पण बघणाऱ्याचे डोळे कुठे थांबतील? सगळ्या नजरा एका ठिकाणी जाऊ दे.’ आमच्या धंद्यातला हा पहिला धडा आहे. पुतळ्यांच्या माना जिकडे वळतील तिकडे माणसाची नजर जाते. माझ्या रांगेला बघण्यासारखं काहीच नव्हतं.

ते मला काकीने दिलं. म्हणजे मी घेतलं.

श्रावणातली दुपार होती. सून बाजारात गेली होती, घरात ती एकटीच. मी नेहमीप्रमाणे विचारलं, काकी, कधी पकडली गेलीस का? ती हसली नाही. म्हणाली, “लग्नाक वरीस नव्हता जावक. म्हायेरसून येय होतंय. गवताच्या भाऱ्यात आवशीन चार शेर मिरच्यो बांधून दिल्यो होत्यो. पाखल्यान माका बोट केल्यान, भारो सोड म्हणालो. भारो सोडूक हात वर केलंय आणि...” ती थांबली. “उभ्याउभ्या कापड भिजला रे पुता. पायांबुडची माती काळी जाली. घोवाकसुदा कधी सांगूक नाय ह्या.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे खोटं नाही. पण त्याच क्षणी मनात दुसरं काहीतरी सुरू झालं, तेही खोटं नाही. ओली माती. लाल मातीवर चकचकीत वार्निशचे दोन थेंब, खाली थोडा काळपट रंग. ती पुढे बोलत होती, “आणि मागीर...” आणि मी उठलो. म्हटलं, काकी, उशीर झाला, उद्या येतो. मला घरी जाऊन ते करून बघायचं होतं. तिचं ‘मागीर’, म्हणजे ‘मग पुढे’, तसंच ओसरीवर राहिलं.

हे कुठे बोलू नकोस, असं तिने म्हटलं नव्हतं. पुढे मी स्वतःला हेच सांगत राहिलो. आमच्याकडे असं म्हणावं लागत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे.

पंधरा दिवसांत मी तिला बनवली. डाव्या हाताने भारा धरलेली, उजवा हात कोपरात वाकडा, मान खाली, ओलं कापड पोटऱ्यांना चिकटलेलं. तो वाकडा हात मी तीनदा तोडून पुन्हा केला, कोन नेमका यावा म्हणून. पायाखाली वार्निश टाकलं आणि माती खरंच ओली दिसली. मग रांगेतल्या एकेकाच्या माना मी तिच्याकडे वळवल्या. कुणाचे डोळे विस्फारलेले, कुणी तोंडावर हात घेतलेला. पाखल्या शिपायाला मी हसवला, बोट तिच्याकडे रोखून. देखाव्याला खलनायक हवाच असतो. एकूण बत्तीस माणसं, त्यांतली एकतीस तिच्याकडे बघणारी. ग्रुपवर फोटो टाकला, दोन दिवस कौतुक संपेना.

बायको धूळ झाडायला आली आणि टेबलाशी थबकली. तिला भिंग लागलं नाही.

“ही काकी,” ती म्हणाली.

मी ब्रश धुवायला घेतला.

“काकीक विचारलात मगे?”

“हो,” मी म्हटलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तिला मी पहिल्यांदा खोटं सांगितलं असं म्हणणार नाही. पण इतक्या सहज कधी सांगितलं नव्हतं.

चतुर्थीच्या तोंडावर गावच्या मंडळाची पोरं आली. म्हणाली, यंदा तुमचा नाका गणपतीपुढे ठेवूया, आपला इतिहास लोकांना कळू दे. मला नाही म्हणता आलं असतं. हौसेला मोल नाही म्हणतात, पण माझी हौस प्रेक्षकांची होती हे तेव्हा उघडं पडलं. मी स्वतः नाका उचलून नेला, वरून दिवा लावला आणि लोकांना बारकावे दिसावेत म्हणून दोरीने एक भिंगही टांगलं. ते भिंग टांगताना माझा हात जराही अडखळला नाही. आज हे लिहितानाही माझे कान तापतात.

लोक आले, वाकून बघू लागले. पहिल्या दिवशी टोपल्यांचं, टोप्यांचं कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी हात ओळखला. मग भिंगासाठी रांग लागली. “अरे, ही आपली काकी! आणि ह्या बघ, खाली भिजला हां!” कुणी हसत होतं, कुणी ‘अरेरे’ म्हणत होतं. अरेरे म्हणणारेही भिंग सोडत नव्हते. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो आणि विचारणाऱ्याला वार्निश कुठलं ते सांगत होतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आरतीच्या आधी काकी सुनेचा हात धरून आली. तिने आधी गणपतीला हात जोडले, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली उभं राहून फळं निरखली. तिच्या कानावर काही गेलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. एका उत्साही बाईने तिला पुढे आणलं. “काकी, ये, बघ, तू आसस ह्यात!” आणि भिंग तिच्या हातात दिलं.

ती वाकली. किती वेळ बघत होती सांगता येत नाही. मंडपातले लोक जवळ सरकले. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्यात मीही होतो. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मी वाचलं होतं, ऐकलं होतं. त्या संध्याकाळी कळलं.

तिने भिंग सोडलं, मला जवळ बोलावलं आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “हात बरो केलस. तसोच आसा.” मग पुन्हा रांगेकडे बघून, “पण हे सगळे माका बघतत कित्याक रे?”

मी भिंगाची दोरी सरळ करू लागलो.

“तेव्हा कोण बघूक नव्हतो. सगळ्यांनी तोंडां फिरवल्यानी. एकान एकान करून सगळ्यांनी, रस्त्याक पाठ करून रवले. त्या पाखल्यानसुदा. तेचा तोंड लाल जाला. तेनी मान फिरवल्यान आणि हात केल्यान, जा, जा म्हणून. भारो तसोच घेवन आयलंय. मिरच्यो घराक पावल्यो.”

एवढं बोलून ती सुनेचा हात धरून आरतीला उभी राहिली. टाळ्याही वाजवल्या. मी मात्र मंडपाच्या मागे जाऊन उभा राहिलो, कारण तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती. हे होतं तिचं ‘मागीर’. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी नाक्यावरच्या अडाणी, भ्यालेल्या माणसांना आणि बंदूकवाल्या एका परक्या शिपायाला जे न शिकवता सुचलं होतं, ते मला सुचलं नाही. मी त्या सगळ्यांच्या माना परत फिरवल्या होत्या. एवढ्यावरही न थांबता गावाच्या माना फिरवल्या होत्या.

आरती संपल्यावर मी नाका चादरीत गुंडाळून घरी आणला. मंडळाच्या पोरांनी कारण विचारलं नाही. बायकोने दार उघडलं, चादरीकडे पाहिलं आणि बाजूला झाली. तिला मी त्याच रात्री खरं सांगितलं. ती म्हणाली, “माका ठावक होता.” मग तिने माझं ताट वाढलं, आणि ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी माना कापायला घेतल्या. वाळलेली पुटी दगडासारखी होते, सोनाराच्या बारीक करवतीने एकेक मान कापायची, तिच्यापासून दूर वळवून चिकटवायची, सांधा भरायचा. शिपायाचं हसू तासून काढलं. वार्निश खरवडलं. एकतीस माना व्हायला विसर्जनानंतरचेही आठ दिवस गेले. शेवटची मान बसवली आणि लांबून पाहिलं, तर देखावा पहिल्यांदाच जिवंत झाला होता. सगळ्या रांगेची तोंडं फिरलेली, मध्ये ती एकटी, आणि तिच्याकडे बघणारं कुणीच नाही. मी मोबाइल हातात घेतला, फोटो काढायला. तेव्हा लक्षात आलं की बघणारा एक अजून उरलाच होता. फोटो काढला नाही, पण काढावासा वाटला होता, हे लपवून काय उपयोग.

नाका उचलून मी काकीकडे निघालो. बघ, आता बरोबर केलं, असं सांगायचं होतं. बायको दारात आडवी उभी राहिली.

“परत तिच्यासमोर खंय नेतात तां? तुमका बरा वाटूचा म्हणान?”

मी नाका खाली ठेवला आणि रिकाम्या हाताने गेलो.

काकी ओसरीवर अबोलीचा वळेसर विणत बसली होती, सून शेजारी वाटाणे सोलत होती. मी काकीच्या पायांना हात लावला, चुकलो म्हटलं. ती म्हणाली, “बस, च्या घे,” आणि सुनेला आत पाठवलं. चहाबरोबर सकाळचा पाव घेऊन सून परत आली. तिने बायकोची चौकशी केली, भाताच्या लोंब्या कशा भरल्या ते विचारलं, मासळी महाग झाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होतो, कारण रागावर निदान काही बोलता येतं.

कप रिकामा झाला तरी मी उठलो नाही. सुनेला ते अवघड वाटलं असावं, बिचारी भल्यासाठीच म्हणाली, “आये, काल सांगी होतात ती होडीची गजाल सांगा मगे. अर्धीच रवली.”

काकीने फूल ओवलं, दोरा ओढून घट्ट केला आणि माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “मागीर सांगतंय. ह्यो गेल्यार.”