डॉक्टरांचं बाकडं

पहिलं पोर रांगायला लागलं तेव्हा मी इतकी शहाणी होते, की त्यानं चिंचोका गिळला म्हणून रडत गल्लीतल्या डॉक्टरांकडे पळाले. पोटात झाड उगवलं तर? डॉक्टर म्हणाले, "उगवू दे की वहिनी. निम्म्या चिंचा माझ्या." दवाखान्यातल्या बाकड्यावर बसलेल्या बायका पुढं कैक दिवस मला चिंचवाली म्हणत होत्या.

डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहायचे. रविवारी जाळी खडखडवली तरी लुंगीवर खाली यायचे. मग गुडघ्यांनी हात टेकले आणि ते लेकाकडे गेले. आता दवाखान्याच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात.

मागच्या रविवारी जेवण झाल्यावर आमचे हे छातीवर हात ठेवून गप्प बसले. हा माणूस गप्प, तिथंच मी हबकले.

"अवो, काय होतंय?"

"जळजळतंय. पांढरा रस्सा जरा जास्त झाला."

"मग घाम का आलाय?"

"तांबडाबी जास्त झाला."

डॉक्टर असते तर बघताक्षणी सांगितलं असतं, रस्सा का हृदय. मी बोटं धरली, तर गार. रिक्षा केली आणि मोठं हॉस्पिटल गाठलं.

कॅज्युअल्टीत बघते तर काय, आमच्या डॉक्टरांचं अख्खं बाकडं तिथं येऊन बसलेलं! कुणाचा खोकला, कुणाचा कान. कोपऱ्यावरची शेजारीण नातवाचा ताप घेऊन.

"चिंचवाले, तू बी आलीस व्हय?"

मला हसू फुटेना. खरंच हृदय असलं तर? आणि आम्ही कानदुखीच्या मागं रांगेत! "ह्यांच्या छातीत दुखतंय," एवढंच कसंबसं म्हटलं. तशी तीच उठून ओरडली, "ओ सिस्टर, ह्यास्नी आधी घ्या!"

आत तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी कधी ईसीजी काढलाय? गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"ते आमच्या डॉक्टरांना ठाऊक."

"ते कुठं आहेत?"

"गेले लेकाकडे."

ईसीजी झाला, रक्त घेतलं, संध्याकाळपर्यंत झोपवून ठेवलं. मी त्या पडद्यावरच्या रेषेकडे बघत बसले, जणू मलाच ती कळत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "हृदय ठीक आहे. पित्त आहे."

"पुढच्या वेळी ओळखायचं कसं?"

"ओळखत बसू नका आजी. सरळ इथं या."

आज परत रविवार. रस्सा झालाय. हे वाटी पुढं करतात, आणि वाढायच्या आधी मी त्यांची बोटं धरून बघते.

"म्हातारपणी हात धराय लागलीस की," म्हणतात.

म्हणू देत. अजून तरी कोमट आहेत.