शंकासुर आणि थंडीचं औषध

धावपट्टीवरचे सगळे त्याला शंकासुर म्हणत, आणि तोंडावर म्हणत. छोट्या विमानांचा हा मेकॅनिक घराला कुलूप लावलं की ओढून बघे, मग बायकोला ओढायला लावे आणि कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढे. मुलीलाही त्याने हेच बाळकडू पाजलं होतं. "गॅस बंद आहे का, हे कुणाला विचारू नको. स्वतः बघ. बापालासुद्धा विचारू नको."

ती मुलगी आता वैमानिक होती. डिझेल इंजिनाच्या छोट्या विमानातून डोंगरापलीकडे टपाल न्यायची. थंडीत उंचावर इंधनातलं पाणी गोठतं, बर्फाचे कण गाळणीत अडकतात आणि इंजिन गप्प होतं. म्हणून इंधनात एक द्रव मिसळतात. इथे त्याला थंडीचं औषध म्हणत. ते इंधन भरतानाच, त्याच्या धारेत, बारीक धारेने आणि मापात सोडावं लागतं. एकदम ओतलं तर तळाशी जाऊन बसतं आणि टाकीचा आतला लेप खातं.

हे काम पंपवाल्याचं. पंपवाला म्हणजे शंकासुराचा सख्खा साडू, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. साडू काम करताना शिट्टी वाजवायचा. शिट्टी वाजवणारा माणूस मापात काही सोडत असेल, हे शंकासुराला पटेना.

"तो औषध घालतच नाही," तो बायकोला म्हणाला. "बाहेर विकत असेल."

"कोणाला? सर्दी झालेल्यांना?" बायकोने विचारलं. बहिणीच्या नवऱ्यावरचा आळ तिला आवडला नव्हता.

शंकासुराचा संशय काही गेला नाही. विमान जमिनीवर दिसलं की तो साडूचे हात बघत बसे.

एका सकाळी त्याने नेहमीप्रमाणे विमानाच्या पंखातल्या टाकीच्या तळाची तोटी उघडून काचेच्या बाटलीत थोडं इंधन काढलं. त्यात तपकिरी पापुद्रे तरंगत होते. त्याने तिथूनच साडूच्या नावाने शंख केला. धावपट्टीचा मॅनेजर धावत आला. मुलगी जाकीट अडकवत मागोमाग आली.

"औषध खाल्लंय याने," शंकासुर म्हणाला. "पोरगी मेली असती माझी."

साडूची शिट्टी बंद झाली. "साडूभाऊ, ती मलाही पोरीसारखीच आहे. दर वेळी मापात घातलंय मी."

मॅनेजरला उड्डाणाची घाई होती आणि डोकं तापलं होतं. "पंपाची किल्ली इथे ठेव आणि घरी जा," तो साडूला म्हणाला. "उद्यापासून येऊ नकोस."

साडूने खिशात हात घातला. मुलीने बाटली उजेडात धरली आणि बापाकडे वळली. "बाबा, औषध कमी पडलं तर असे पापुद्रे येतात का?"

शंकासुराने बाटलीत निरखून पाहिलं. चोर शोधण्याच्या नादात त्याने पापुद्र्यांकडे धड पाहिलंच नव्हतं. तो टाकीचा लेप होता. गेल्या आठवड्यात साडू चहाला गेला असताना त्याने स्वतः टाकीचं झाकण उघडून औषध वरून ओतलं होतं. मिसळावं म्हणून पंखाचं टोक धरून विमान पाळण्यासारखं हलवलंही होतं. पोरीच्या जिवासाठी आपण केलं ते बरंच केलं, असं वाटून त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला होता.

आता तो "येतात" म्हणाला असता तर विषय मिटला असता. शंकासुरावर कुणालाच शंका आली नसती. साडू किल्ली कड्यातून सोडवत होता. मुलगी उत्तराची वाट बघत होती. दुसऱ्या कुणाला ती विचारत नसे. बापाला मात्र तिने विचारलं होतं.

"नाही येत," तो म्हणाला. "औषध एकदम ओतलं की येतात. मी ओतलं. त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून."

साडूने किल्ली पुन्हा कड्यात अडकवली आणि तो पंपाकडे चालू लागला. मुलीने जाकीट काढून खुर्चीवर टाकलं.

टाकी साफ होऊन नवा लेप बसेपर्यंत विमान शेडमध्ये पडून राहिलं. ते परत उडणार त्या सकाळी शंकासुराने तळाचं इंधन काढलं, उजेडात निरखलं आणि बाटली मुलीपुढे धरली. "स्वच्छ आहे. मी बघितलंय."

मुलीने बाटली घेतली आणि शेजारच्या डब्यात रिकामी केली. मग पंखाखाली वाकून तिने स्वतः तोटी उघडली. पंपाजवळून साडूची शिट्टी ऐकू येत होती. शंकासुर बाजूला उभा राहून बघत राहिला. तिला शिकवलं त्यानेच होतं.