उचल आणि बक्षीस

आमच्या घरात पहिली गाडी आली ती आईची. वडिलांना सगळा जन्म सायकल पुरली. शेत घरापासून जवळ, आणि कुठं जायचं म्हटलं की त्यांना आधी झोप यायची. आई मात्र परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात आयाचं काम करायची. पिंगळीच्या स्टेशनावर थांबणारी सकाळची रेल्वे आणि तिची सकाळची पाळी यांचं कधी जमलं नाही. रेल्वे उशिरा आली की आईची पाळी चुकायची आणि त्या दिवशी घरात कुणाची खैर नसायची.

दवाखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. एकदा डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "मावशी, तुम्ही एक जुनी स्कूटी घेऊन टाका. पैसे मी देते. दर महिन्याला पगारातून थोडे थोडे कापून घेईन. व्याजबीज काही नको."

आई चाळिशी ओलांडलेली, नऊवारी नाही पण पदर कमरेला घट्ट खोचलेली, आणि सायकलसुद्धा कधी न चालवलेली. वडील मागचा कॅरिअर धरून पांदीच्या वाटेनं धावायचे आणि ही पुढं ओरडायची, "सोडू नका, आवं सोडू नका!" वडिलांनी सोडलं की थेट तुरीत. ब्रेक नावाची वस्तू तिला बरेच दिवस पटली नाही, दोन्ही पाय जमिनीवर घासूनच ती थांबायची. तिच्या चपला त्या काळात जेवढ्या झिजल्या तेवढ्या चालून कधी झिजल्या नव्हत्या. पण शिकली. हेल्मेटखालून पदर सारखा करत ती पहिल्यांदा एकटी परभणीला गेली, तेव्हा वडील रस्त्याकडं बघत उभेच राहिले. मला त्या दिवशी दोघांचाही फार अभिमान वाटला.

गाडीची पूजा पोखर्णीला नरसिंहाच्या देवळासमोर झाली. परत येताना आईनं पेढे घेतले आणि घोळ तिथंच सुरू झाला.

समोरच्या घरात माझी मोठी काकू राहते. वडिलांच्या चुलत भावाची बायको, म्हणजे आईची जाऊ. या दोघी एकाच वर्षी या गल्लीत सुना म्हणून आल्या आणि तेव्हापासून बांगड्यांपासून लोणच्यापर्यंत एकमेकींवर नजर ठेवून आहेत. एकीच्या घरी नवी कढई आली की दुसरीची जुनी कढई आठवड्यात गळायला लागते. काकूनं पेढा हातात घेतला आणि विचारलं, "गाडीला पैसे कुठून आणलेस गं?"

आई म्हणाली, "बक्षीस दिलं डॉक्टरीणबाईनं. माझं काम लय आवडलं त्यायला."

मी शेजारी उभी होते. मी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं बघितलं नाही.

ती खोटं का बोलली हे मला माहीत होतं. आईचं माहेर ऊसतोडीचं. लहानपणी ती टोळीबरोबर फडात गेलेली. हंगामाआधी मुकादम आगाऊ पैसे देतो त्याला उचल म्हणतात, आणि ती फिटेपर्यंत माणूस आपल्या मर्जीचा राहत नाही, हे तिनं स्वतःच्या घरात बघितलेलं. डॉक्टरीणबाईंचे पैसे वेगळे, हे तिलाही कळत होतं. पण उचल हा शब्द ऐकला की तिचा चेहरा उतरायचा. ज्या दिवशी कोयता सुटला त्या दिवशी हा शब्दही सुटला, असं तिनं मनाशी धरलेलं. आणि तो पुन्हा उच्चारायचा, तोही जावेसमोर? शक्यच नव्हतं.

पेढे संपले, बक्षीस गल्लीभर झालं.

त्याच वर्षी मला नांदेडला फार्मसीला प्रवेश मिळाला. राहायच्या खर्चासाठी वसतिगृहाचा भत्ता मिळणार होता, पण कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला पाहिजे. भत्ता नसेल तर नांदेड नाही, हे घरात न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही अर्ज केला, आईच्या बँकेच्या पासबुकाची प्रत जोडली आणि निर्धास्त राहिलो. चौकशीला तलाठी साहेब गावात आले तेव्हा आई दवाखान्यात, वडील शेतात, मी परभणीला. दारात होती फक्त काकू.

साहेबांनी पासबुकातली दवाखान्याकडून आलेली ती मोठी रक्कम दाखवून विचारलं, हे पैसे कसले? काकूनं छाती पुढं काढून सांगितलं, "बक्षीस हाय साहेब. पेढे वाटले तिनं गावात." साहेबांनी तसा जबाब लिहिला, काकूनं सही केली आणि बक्षिसाची रक्कम आमच्या वर्षाच्या उत्पन्नात जाऊन बसली. आम्ही मर्यादेच्या बाहेर गेलो. बसल्या जागी आम्ही खातेपिते झालो!

मी रागानं लाल झाले. धावत साहेबांकडं गेले आणि म्हणाले, "साहेब, जे पैसे परत द्यायचे ते उत्पन्न कसं होईल?"

साहेब माणूस बरा होता. म्हणाला, "बरोबर आहे तुझं. मालकानं प्रवासासाठी उसने दिले असतील तर ते मी उत्पन्नात धरणार नाही. डॉक्टरांचं पत्र आण. पण माझ्याकडं जबाब आहे बक्षिसाचा. ज्यांनी दिला त्यांनीच तो बदलून द्यायला पाहिजे."

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी जास्तीच्या पाळ्या करीन. तुझे पैसे जमवीन. पण जाऊबाईच्या दारात जाऊन मला हे सांगता यायचं न्हाई."

"मग नांदेड राहू दे," मी म्हणाले. "मी बसते इथंच, तुझ्या बक्षिसाच्या गाडीवर मागं."

वडिलांना हसू आलं, आईचं तोंड बघून त्यांनी ते गिळलं. दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरीणबाईंचं पत्र आणून माझ्या हातात दिलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'कामावर येण्याजाण्यासाठी बिनव्याजी उचल.' मग तिनं डब्यातून वाटीभर साखर काढली, पदर सारखा केला आणि गल्ली ओलांडली. गल्ली एवढीशी, की उंबऱ्यात उभ्या उभ्या मला सगळं ऐकू येत होतं.

"जाऊबाई, तुमची उसनी साखर आणली."

"ठिव तिथं. आन् तोंड का पडलंय?"

आईनं वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "गाडीचे पैसे बक्षीस न्हवते. उचल हाय. म्हैन्याच्या म्हैन्याला पगारातून कटायली."

"म्हाईत हाय मला," काकू म्हणाली.

"कसं काय?"

"बक्षीस मिळालेली बाई घडीघडी साखर मागाया येती व्हय गं? पगाराच्या दिवशी पोरीला जिलबी आणायचीस, ती बी बंद झाली. मला काय डोळे न्हाईत?"

"मंग साहेबाला बक्षीस कामून सांगितलंत?"

आता काकूचा आवाज चढला. "तू पेढे दिलतीस का न्हाई? मी खाल्ले का न्हाई? पेढे खाऊन सरकारी माणसापुढं तुला खोटी पाडू मी?"

त्यानंतर आतून नुसते हुंदके ऐकू आले. आई रडत होती आणि काकू तिच्यावर खेकसत होती, "रडायलीस काय, पोरीच्या दाखल्याचं बघ की!" मीही उंबऱ्यात उभी राहून रडले. इतकी वर्षं मी त्या दोघींची कढईची भांडणंच बघत आले होते.

साहेब पुन्हा गावात आले तेव्हा आम्ही तिघी ग्रामपंचायतीत गेलो. मला धास्ती होती की आता काकूला सगळ्यांसमोर म्हणावं लागणार, माझी जाऊ खोटं बोलली. आईही मान खाली घालून उभी होती.

काकूनं कानाला हात लावला. "साहेब, हिनं मला पहिल्या दिवशीच उचल म्हणून सांगितलं व्हतं. मला जरा कमी ऐकू येतंय. मी बक्षीस ऐकलं."

साहेबांनी चष्मा काढला. "काकू, उचल आणि बक्षीस, दोन्हीत एक तरी अक्षर सारखं आहे का?"

"काय म्हणलाव?"

साहेबांनी तेच मोठ्यानं विचारलं.

"काय?" काकूनं कान आणखी पुढं केला.

आमच्या घरातलं दूध उतू जायच्या आत समोरून ओरडणारी ही बाई! साहेब खाली बघून हसले आणि नवा जबाब लिहून घेतला. कमी ऐकू येत असल्यामुळं आधीचा जबाब चुकीचा दिला गेला, असं त्यात आलं. काकूनं शांतपणे सही केली. पत्र जोडलं गेलं, उचल उत्पन्नातून निघाली, दाखला मिळाला आणि मी नांदेडला गेले.

पुढं साहेब गावात आले की काकूला बहिरं व्हावं लागायचं. ती ते इमानानं पाळायची. आईही मग ग्रामपंचायतीसमोरून जाताना तिच्याशी उगाच ओरडून बोलायची, आणि घरी आल्यावर दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या.

मी शेवटच्या वर्षाला असताना एकदा सुट्टीत घरी आले होते. आई पाळी संपवून आली ती पेढ्यांचा पुडा घेऊन. पगारातून शेवटचा हप्ता कापला गेला होता. हेल्मेटसुद्धा न काढता ती गल्ली ओलांडून गेली, मी मागोमाग. काकू ओट्यावर तूर पाखडत बसली होती. आजूबाजूच्या ओट्यांवरही बायका होत्या. आईनं वाकून हळूच सांगितलं, "जाऊबाई, उचल फिटली."

काकूनं सूप खाली ठेवलं आणि कानाला हात लावला. "काय म्हणलीस?"

"फिटली म्हणलं."

"काय? मोठ्यानं बोल की, ऐकू येत न्हाई मला."

आईनं एकदा इकडंतिकडं बघितलं. मग हेल्मेट काढलं, ताठ उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उचल! गाडीची उचल घेतली व्हती मी! ती फिटली आज!"

काकूनं पुड्यातला पेढा उचलून तोंडात टाकला.

"आता आलं ऐकू," ती म्हणाली.