मिलिंदनं अंगावर घेतलेली गोळी

मिलिंदच्या बायकोचा, सुजाताचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या हॅरोच्या घरी सिंकपाशी मटण धूत होतो. मिलिंद गेला, एवढंच ती बोलली. कार्डिफच्या हॉस्पिटलात तीस वर्षं पेशंटना भूल देणारा माझा मित्र सकाळी चहा पिता पिता खुर्चीतच गेला होता. मी नळ बंद केला, आणि मला स्वतःचीच किळस आली... तिचं कारण मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

आमची ओळख बावीस वर्षांपूर्वीची, आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडताना झालेली. पंचशील मानणारा हा माणूस पन्नाशीनंतर स्कॉटलंडमध्ये हरणांच्या शिकारीला जाऊ लागला, तेव्हा जयंती साजरी करणाऱ्या आमच्या मंडळात कुजबुज झाली. तो वाद घालायचा नाही. डोंगरावर हरणं इतकी झालीत की कोवळं झाड टिकत नाही, ती कमी करावीच लागतात, मग ज्याला नीट जमतं त्यानं करावं, एवढंच म्हणायचा. मला ते पटत नव्हतं. तरी तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मीच हट्टानं त्याच्याबरोबर गेलो.

हरणांच्या माजाचा मोसम होता. नर घसा फाटेस्तोवर डुरकत होते. चिखलात लोळलेले, स्वतःच्याच मुतानं माखलेले. तो उग्र दर्प वाऱ्याबरोबर थेट नाकात शिरत होता. वारा तोंडावर घेत आम्ही चार पावलं टाकायचो, थांबायचो, ऐकायचो. शेवटी ओल्या गवतातून पोटावर सरकलो. अर्ध्या मैलाला अडीच तास लागले. समोरचा नर कित्येक दिवस उपाशी असावा, बरगड्या दिसत होत्या. माद्यांपलीकडे त्याला जगच नव्हतं. न मारताही परत जाता येतं, मिलिंद कुजबुजला. पण आदल्या दिवशी टार्गेटवर माझे तीन नेम बरोबर लागले होते, आणि ती हवा डोक्यात होती. त्या डोंगराची मालकी असलेल्या इस्टेटनं सोबत दिलेल्या माणसानं होकार दिला, रायफल माझ्याकडे आली.

"शिरीष, तो आपल्याला आडवा उभा राहीपर्यंत थांब," मिलिंद पुटपुटला.

मी थांबलो नाही.

गोळी पोटात लागली. आतडी लोंबत असतानाच तो उतारावरून दिसेनासा झाला. मिलिंद रायफल घेऊन त्याच्या मागावर निघाला, तसाच सावकाश, कारण घाई केली तर जखमी जनावर आणखी लांब पळतं. तीन तासांनी दुसरी गोळी ऐकू आली. मी आणि इस्टेटचा माणूस पोचलो तेव्हा मिलिंद बाह्या सारून नराचं पोट साफ करत होता. फुटलेल्या आतड्यांची घाण मांसात पसरली होती. "जवळ ये," तो म्हणाला. "बघ."

पुढच्या महिन्यात मंडळाच्या जेवणात मी ती गोष्ट रंगवून सांगायला लागलो. कुणीतरी विचारलं, गोळी कुणाची होती? मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"माझी," मिलिंद म्हणाला आणि शांतपणे भात कालवायला लागला.

त्या दिवसापासून लोक त्याला पाठीमागे कसाई म्हणू लागले. मी ऐकून घेत राहिलो. कार्डिफला जाणं टाळू लागलो. फोन तोच करायचा. शोकसभेतही एका ज्येष्ठांनी त्याच्या हातून घडलेल्या त्या क्रौर्याचा उल्लेख केला, तेव्हा मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. माझ्यासारख्या माणसाला मित्र म्हणायचं?

गेल्या आठवड्यात सुजाताला आवराआवरीत मदत करायला गेलो. गॅरेजमधल्या फ्रीझरच्या तळाशी एक पाकीट निघालं. सिरिंजवर औषधाचं नाव लिहावं तसं चिकटपट्टीवर त्याच्या नीट अक्षरात लिहिलं होतं: 'नर, ऑक्टोबर. शिकार: शिरीष.' त्या घाणीतून वाचलेला मांसाचा तेवढाच तुकडा त्यानं जपून आणला होता.

"हे तुमचं आहे, भावोजी," सुजाता म्हणाली. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

पाकीट आता माझ्या फ्रीझरमध्ये आहे. खाववत नाही, टाकवत नाही. दार उघडलं की बर्फाखालून मिलिंदचं अक्षर दिसतं... आणि त्यातलं माझं नाव.