कीपर किती मागे उभा होता

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कोकणातला असून नाही, म्हणून गावात मला शिष्ट समजतात. तरीही ओमानमधल्या अझैबाच्या मैदानावर सरावाला बॉल हातात घेतला की स्टंपांच्या पार मागे, पांढऱ्या फक्कीच्या रेषेजवळ, मला तो उभा दिसायचा. ग्लोव्ह्ज गुडघ्यांवर, मान किंचित वाकडी. त्याला पुरून तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता.

मला ओमानला आणलं ते बोलिंगसाठी. व्हिसावर स्टोअरकीपर लिहिलं होतं, आणि आठवडाभर मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात बेअरिंगं आणि ब्रेकपॅड काढून द्यायचोही. पण स्टोअरकीपर काय, पैशाला पासरी मिळतात. अर्बाबला, म्हणजे आमच्या ओमानी मालकाला, कंपन्यांच्या मॅचेससाठी शेवटच्या दोन ओव्हर टाकणारा फास्ट बोलर हवा होता. बाकीच्यांनी घाण करायची आणि निस्तरायला मी. सगळी मॅच मी बाउंड्रीवर ऊन खात उभा. शेवटी कॅप्टन हात करायचा, आणि गाडीत एसी लावून बसलेला अर्बाब काच खाली घ्यायचा. तीन-चार वर्षं मी खरंच आग ओकली. निझव्याच्या टीमचे लोक मला बघून हेल्मेटचा पट्टा आवळायचे, हे सांगताना आजही बरं वाटतं.

आमचा कीपर म्हणजे माझा रूममेट. रायगडच्या किनाऱ्यावरचा मुसलमान, कंपनीत एसी दुरुस्तीला. मासे तो करायचा, भांडी मी घासायचो, आणि कालवणात खोबरं किती यावरून आमची रोज जुंपायची.

मग खाबुरा गावातल्या एका मॅचमध्ये माझ्या खांद्यात काहीतरी तुटलं. आवाज फक्त मला आला. डॉक्टर म्हणाला, आता तो वेग विसरा. मी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. वेग गेला म्हणजे व्हिसा गेला, आणि गावी मुलीची शाळा नुकती सुरू झालेली.

पुढच्या मॅचला मी रनअप तेवढाच लांब घेतला, दातओठ खाल्ले, आणि बॉल गेला रडतखडत. कीपरच्या पुढ्यात टप्पा खाऊन पडला. बॅट्समन बोलरचा वेग आधी कीपरवरून जोखतो; कीपर जितका मागे, तितका पोटात गोळा. आता हा पुढे येणार हे मला ठाऊक होतं. तो दोन पावलं पुढे आला असता तर माझा खेळ तिथेच खलास होता.

तो आला नाही. उलट ग्लोव्ह्ज झटकून ओरडला, "हळू टाक रे बाबा! हात सुजला माझा!" बॅट्समननं वळून तो किती मागे आहे ते पाहिलं, पुढच्या बॉलला घाबरून पाय काढून घेतला, आणि त्याचा त्रिफळा उडाला.

असं कितीतरी वर्षं चाललं. माझा प्रत्येक बॉल त्याच्यासमोर अर्ध्या टप्प्यावर यायचा आणि तो झेपावून घ्यायचा. करंगळी मोडली, जुळली, पुन्हा मोडली, मग वाकडीच राहिली. कामावर पाना धरताना तो कळवळायचा. एकदा राहवलं नाही म्हणून मी म्हटलं, "थोडा पुढे उभा राहा ना."

तो कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "पिचवरची मॅटच खराब हाय. बॉल बसतो. तू टाकत राहा."

बस, एवढंच. त्याला माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि एका खोलीत राहून आम्ही त्यावर चकार शब्द काढला नाही. आभार मानले तर खोटं उघडं पडेल, असं मला वाटायचं. आता स्वतःचा राग येतो. निदान खोबऱ्यावरून तरी भांडायला नको होतं.

तो गेला भर दुपारी, एका गच्चीवर एसी उघडून बसलेला असताना. छातीत कळ आली आणि संपलं. घरच्यांनी फोनवर हो म्हटलं आणि त्याला इथेच दफन केलं. मीही माती दिली.

त्यानंतरच्या पहिल्या मॅचला नवा कीपर आला, पुण्याचा, तरणाबांड. शेवटच्या ओव्हरला मी रनअपच्या टोकाला गेलो, वळलो, तर नव्याच्याही मागे, फक्कीपाशी, माझा तो उभा. तो बॉल मी त्याच्यासाठी टाकला, जीव काढून. बॉल दोन टप्पे खात नव्या पोराच्या पायाशी थांबला.

"दादा, जरा पुढे येतो हं," तो अगदी अदबीनं म्हणाला, आणि थेट स्टंपांना चिकटून उभा राहिला. त्याचं बिचाऱ्याचं काही चुकलं नाही. बॅट्समन हसला. मी फक्कीकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. उरलेले बॉल कुठे कुठे गेले ते सांगवत नाही. अर्बाबनं काच वर घेतली.

व्हिसा वाढणार नाही असं ऑफिसनं कळवलं, त्या संध्याकाळी मी बायकोला फोन केला.

"असं कसं अचानक?" ती घाबरून म्हणाली. "खांदाबिंदा गेला का?"

"खांदा केव्हाच गेला होता गं," मी म्हणालो, आणि त्यानं माझ्यासाठी काय केलं ते सगळं तिला सांगत बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोललो, आणि ज्याला सांगायचं होतं तोच तेवढा ऐकायला नव्हता.