न्हाणीघराची रंगीत तालीम

नवरात्रात पुण्याहून नणंदेचा फोन आला, की यंदा दिवाळीला सगळ्यांनी इंदूरला जमायचं. ती, तिचे यजमान आणि दोघी मुली. हैदराबादहून धाकटे दीर, जाऊबाई, त्यांची मुलं. देवासहून सासूबाईंची बहीण. फोन स्पीकरवर होता. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पूर्ण ऐकायच्या आधीच भाजणीसाठी तांदूळ धुवायला उठल्या. मी उठले ती न्हाणीघरात गेले आणि मोरीच्या जाळीकडे बघत उभी राहिले.

त्याला कारण होतं. मागच्या दिवाळीला फक्त दीर आणि त्यांची माणसं आली होती, तरी नरक चतुर्दशीच्या पहाटे आमची मोरी तुंबली. एकामागून एक सगळे तेल लावून, उटणं चोळून न्हात होते. दिरांची पाळी आली तेव्हा पाणी खाली जायचं थांबलं, मग उंबरठा ओलांडून बाहेर आलं, आणि ओसरीवरच्या चपला एकेक करून अंगणाकडे निघाल्या. दीर तोंडाला उटणं फासलेल्या अवस्थेत टॉवेल गुंडाळून समोरच्या घरी गेले आणि तिथे न्हाऊन आले. ती गोष्ट ते अजून हैदराबादला ऑफिसात सांगतात. ऐकणारे हसतात, मीही हसते, पण यंदा दुप्पट माणसं येणार होती आणि मला तो प्रसंग पुन्हा नको होता.

आमचं घर परदेशीपुऱ्याच्या पलीकडे आहे. आजेसासरे मिलमध्ये कारकून होते, त्यांनी दोन खोल्या बांधल्या. सासऱ्यांनी मागे दोन वाढवल्या. आम्ही वर मजला चढवला. प्रत्येक वेळी नवा पाइप जुन्याला जोडला गेला, त्यामुळे कुठलं पाणी कुठून जातं हे घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं. यांचा तर टेफ्लॉनच्या टेपवर इतका विश्वास, की गळणारा नळ असो की सैल झालेली मूठ, हे त्यावर टेप गुंडाळून मोकळे.

दसऱ्यानंतर प्लंबर मिळणं कठीण. सगळ्या शहराला तेव्हाच नळ आठवतात. शेवटी आईंनी देवळात ओळख काढून एकाला गाठलं. साठीला आलेला, गळ्यात मफलर, बोलायला मोकळा. आल्या आल्या त्याने मोरीची जाळी उचलली, खालच्या वाकड्या पाइपात तार घातली, आणि बराच वेळ खेचून एक पिवळट, चिवट गोळा बाहेर काढला. तेल, साबण, केस, डाळीचं पीठ आणि उटणं यांचा कितीतरी वर्षांचा साठा.

"भाभीजी," तो गोळा उलटसुलट करत म्हणाला, "ये तो आपने अंदर बेसन का लड्डू बांध रखा है."

आई चहा घेऊन येत होत्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "बेसनाचा कसला, डिंकाचा आहे." दोघंही मनापासून हसले, आणि त्या दिवसापासून त्यांचं जे जमलं ते काम संपेपर्यंत.

पुढचा आठवडा घरात ठोकाठोक चालली. वरच्या मजल्यावरच्या फ्लशचं वॉशर बदललं. टाकीतला बॉल अडकायचा, त्यामुळे नळाला नर्मदेचं पाणी ज्या दिवशी यायचं त्या दिवशी गच्चीवरून धबधबा. तो नवा बसला. एक जादा टाकी घेतली, ती जिन्यातून जाईना, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी दोर बांधून बाहेरून वर चढवली. खालच्या न्हाणीघरात पहिल्यांदाच गीझर लागला. इतकी वर्षं तिथे अंगणातल्या बंबाचं पाणी बादलीने यायचं. आईंनी बंब काढून टाकू दिला नाही, पण गीझर लागताना स्टूल ओढून समोर बसल्या आणि गरम पाण्याची पहिली धार हातावर घेऊन "बरं आहे" म्हणाल्या. त्यांच्या तोंडी हे म्हणजे भरपूर झालं.

सगळं झाल्यावर यांनी नळ सोडून बघितला. पाणी झरझर गेलं. तरी यांचा चेहरा काही खुलेना.

"एका नळाने काय कळणार," हे म्हणाले. "पहाटे सगळे एकदम उठतील. वर कुणी न्हातंय, खाली कुणी न्हातंय, कुणी फ्लश करतंय, तू स्वयंपाकघरात भांडी घासतेस. तेव्हा काय होईल ते आत्ता कसं कळणार?"

आई गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग माणसं बोलवा."

"कसली माणसं?"

"गल्लीतली. रविवारी सकाळी पोहे-जलेबीला बोलवू. येतील ती एकेका नळाशी उभी करू. नाटकाची तालीम करतात, तशी आंघोळीची करू."

आम्हाला वाटलं गंमत करताहेत. पण संध्याकाळी त्या खरंच घरोघर सांगून आल्या.

रविवारी सकाळी अंगण भरलं. समोरच्या गुजराती काकी, कोपऱ्यावरचे निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको, शेजारी भाड्याने राहणाऱ्या कॉलेजच्या मुली, प्लंबर स्वतः, आणि त्याने कौतुकाने आणलेली त्याची बायको. आईंनी प्रत्येकाला जागा नेमून दिली. मुली वरच्या बाथरूममध्ये, एक शॉवरशी, एक बेसिनशी, एक फ्लशशी. हेडमास्तर खालच्या न्हाणीत. त्यांची बायको मागच्या नळावर. काकी स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी. मी वॉशिंग मशीनजवळ. प्लंबर अंगणातल्या चेंबरचं झाकण काढून काठावर उकिडवा बसला. आई ओसरीवर स्टीलचं ताट आणि पळी घेऊन उभ्या राहिल्या.

"ताट वाजलं की सोडायचं," त्यांनी जाहीर केलं. "पुन्हा वाजेपर्यंत बंद करायचं नाही. मास्तर, तुम्हीसुद्धा."

"जी," न्हाणीतून आवाज आला.

ताट वाजलं. सगळं घर एकदम बोलायला लागलं. भिंतीतले पाइप घरघरले, वर मुली खिदळल्या, चेंबरमध्ये पाणी कोसळायला लागलं. प्लंबर हात वर करून "चलने दो, चलने दो" म्हणत होता. मला वाटलं झालं, पास झालो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकींचा आवाज आला, अगदी शांत.

"भाभी, ऊपर का पानी नीचे आ रिया है."

मी धावले. सिंकच्या जाळीतून पाणी वर उसळत होतं, त्यावर शाम्पूचा फेस होता, आणि काकी साडी घोट्याच्या वर धरून निवांत बघत होत्या. मी ओरडून सांगितलं, आईंनी ताट वाजवलं, पण वरच्या मुलींना ते ऐकूच गेलं नाही. हे जिना चढून वर जाईपर्यंत फेस ओट्यावरून खाली उतरला होता.

प्लंबर आत आला, वाकून बघितलं, मागच्या भिंतीकडे गेला, पुन्हा आत आला. त्याचा चेहरा उजळला होता.

"अब समझा. ऊपर की लैन किसी ने किचन में जोड़ रखी है, वो भी उल्टे ढलान पे. दो नल चलाओ तो पता नी चलता. सब चलाओ तो यहां से निकलता है." मग आईंकडे वळून म्हणाला, "मांजी, दिवाली के दिन निकलता तो आप मेरे को क्या-क्या बोलतीं."

"अजून बोलेन," आई म्हणाल्या. "आधी पोहे खा."

तो फेस पुसता पुसता, पोहे खाता खाता जो दंगा झाला, तसा घरी आमच्या लग्नानंतर झाला नव्हता. हेडमास्तर पँटचे पाय भिजवून बाहेर आले होते आणि बायको त्यांना ऐकवत होती, की घरी कधी एक नळ नीट बंद करत नाहीत आणि इथे कसे हुकमाप्रमाणे वागले. मुलींनी विचारलं, काकू, अगली रिहर्सल कब है.

ती झाली, दोनच दिवसांनी. वरच्या मजल्यासाठी मागच्या भिंतीवरून वेगळा पाइप थेट चेंबरपर्यंत आणला गेला. या वेळी न बोलावलेलेही आले. ताट वाजलं, सगळे नळ धो धो सुटले, काकी सिंकवर नजर रोखून उभ्या राहिल्या, आणि थेंबभर पाणी वर आलं नाही. प्लंबरने चेंबरवर झाकण ठेवलं तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवल्या.

पाहुणे आले. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. दिरांनी आल्या आल्या मोरीत डोकावून विचारलं, "वहिनी, समोरच्यांना सांगून ठेवलंय ना?"

चतुर्दशीला अंधार असतानाच नणंद माझ्या आधी उठली होती. मी खाली आले तर ती पाट मांडून त्याभोवती रांगोळी काढत होती. म्हणाली, "आज आधी आई."

मला कळेना. तिने सांगितलं, "आम्ही लहान असताना ती सगळ्यांच्या आधी उठून बंब पेटवायची. बाबांना, आम्हाला, पाहुण्यांना पाणी काढून द्यायची. सूर्य उगवल्यावर न्हातो तो नरकात जातो म्हणून आम्हाला ओढून उठवायची. आणि स्वतः न्हायची सगळ्यांच्या शेवटी, उन्हं वर आल्यावर, उरलेल्या कोमट पाण्याने. मी विचारलं तर म्हणायची, मी जाते नरकात, तिथेही कुणीतरी पाणी तापवायला लागेलच."

मी लग्न होऊन आले त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. मीही तेच बघत आले होते. बघूनही ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरात होत्या. आधी ऐकेनात. दूध उतू जाईल, बहिणीला चहा द्यायचाय, मुलांना उठवायचंय. नणंदेने गॅस बंद केला आणि हात धरून त्यांना पाटावर बसवलं. आम्ही दोघींनी त्यांना तेल लावलं. तिने डोक्याला, मी पाठीला आणि पायांना. त्यांच्या टाचा किती कडक झाल्या आहेत ते मला तेव्हा हाताला कळलं. जाऊबाईंनी ओवाळलं. आई हळूहळू बोलायच्या थांबल्या. डोळे मिटून बसल्या होत्या, आणि माझ्या लक्षात आलं की चेहऱ्यावर हसू आहे.

मग त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. पाण्याचा आवाज येत राहिला. वरच्या बाथरूममध्ये दिरांच्या मुलांचं न्हाणं चाललं होतं, स्वयंपाकघरात जाऊबाई भांडी विसळत होत्या, आणि कुठेही काही अडत नव्हतं. बऱ्याच वेळाने दिरांनी दार ठोठावलं.

"आई, झालं का?"

"थांब रे," आतून आवाज आला. "आत्ताच तर आलेय."

आम्ही बाहेर तोंडावर पदर आणि ओढण्या धरून हसलो. त्या बाहेर आल्या तेव्हा अंगातून वाफा निघत होत्या. अंगणात जाऊन त्यांनी डाव्या अंगठ्याखाली कारीट फोडलं, पहिल्याच दाबाला. अजून उजाडलं नव्हतं.

उजाडलं तेव्हा सगळ्यांचं न्हाणं झालेलं होतं. आई ओले केस पाठीवर मोकळे सोडून ओसरीवर बसल्या होत्या. उठायला लागल्या की कुणीतरी खाली बसवत होतं. बहिणीने त्यांच्या हातात फराळाची ताटली दिली. त्यांनी चकली मोडून खाल्ली, जरा जास्त खमंग झालीय म्हणाल्या, आणि मग सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अजून कुणाला एकदा न्हायचं असेल तर न्हाऊन घ्या. गरम पाणी आहे."

दिरांची धाकटी खरंच टॉवेल घेऊन पुन्हा गेली.