बंपरवरचे सहा सेन्सर

आमच्या भागात नळाला पाणी सुटतं तो दिवस दिवाळीच्याही वरचा असतो. दिवाळी निदान सांगून येते. अशाच एका सकाळी, शेजाऱ्यांनी दोन तास पाइप धरून भरलेला निळा ड्रम मी आमच्या जुन्या गाडीच्या पाठीनं आडवा केला. ड्रम फुटला असता तर नवा आणून देता आला असता, पण आमच्या गारखेड्यात सांडलेलं पाणी कोणी माफ करत नाही. शेजारी वाहत्या पाण्याकडं बघत उभे राहिले. मी त्यांना आमचा भरलेला ड्रम दिला. तो त्यांनी घेतला, आणि तरी आजही मला नमस्कार करायच्या आधी ते गाडी कुठं उभी आहे ते बघतात.

त्याआधी त्याच वर्षी गाडी मागं घेताना मी एक फाटक आणि एक भाजीचा हातगाडा ठोकला होता. त्यामुळं संध्याकाळी पुण्याहून मुलीचा फोन आला तेव्हा निकाल आधीच लिहून ठेवलेला होता.

"पप्पा, एक तर ड्रायव्हर ठेवा, नाहीतर मागं सेन्सर असलेली नवी गाडी घ्या. आणि सेन्सर असूनही एकदा जरी धडकली, तर किल्ली माझ्याकडं. कबूल?"

मी कबूल केलं. दुसरा इलाज नव्हता. करमाडच्या पुढं आमची थोडी जमीन आहे आणि मी एक दिवसाआड तिथं जातो. शेती माझ्याशिवाय अडत नाही, वाटेकरी माझ्यापेक्षा हुशार आहे आणि मी आलो की त्याचं काम थांबतं, हे मला कळतं. पण जालना रोडनं स्वतः गाडी चालवत जाणं आणि बांधावर चार सूचना देऊन परत येणं, एवढंच माझ्या निवृत्तीत माझं असं उरलं होतं. ड्रायव्हरच्या शेजारी बसून शेतावर जाणारा म्हातारा मला व्हायचं नव्हतं.

शोरूममधला टाय घातलेला मुलगा म्हणाला, "सर, रिव्हर्स सेन्सर कंपनी फिटेड आहेत." कंपनी हा शब्द ऐकला की आमच्या शहरातला माणूस विरघळतो. इथं मुलीला स्थळ बघताना आधी पोरगा कंपनीत आहे का हे विचारतात, कोणत्या कंपनीत ते नंतर. मी स्वतः वाळूजच्या एका कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. प्रेस शॉपमधून निघालेला पत्रा हातात घ्यायचा, नखभर ओरखडा शोधायचा आणि लाल टॅग लावून परत पाठवायचा, यात माझी हयात गेली. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी ऑपरेटर लोकांना इतक्यांदा ऐकवली की निरोप समारंभात त्यांनी ती मला परत ऐकवली.

तर गाडी आली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली, पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढला. दुसऱ्या दिवशी मी गल्लीत रिव्हर्स गिअर टाकला आणि काळजीपूर्वक मागं जात राहिलो. सेन्सर गप्प. भिंत हातभर अंतरावर आली, सेन्सर गप्प. मी ब्रेक दाबला आणि शेजारी बसलेल्या बायकोला म्हटलं, "बघ, कंपनी फिटेड. तोंडात गुळणी धरून बसलाय."

"वाजतोय की," ती म्हणाली.

"तुझा मोबाइल वाजत असेल."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर बाईला कोणता वाद घालायचा आणि कोणता सोडायचा हे कळतं, असं मी समाधानानं मनात म्हटलं.

सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. तिथल्या मुलानं मागं वही धरली, पुढं केली, पुन्हा मागं घेतली आणि म्हणाला, "वाजतोय सर." त्यानं दुसऱ्याला बोलावलं. तोही म्हणाला, "वाजतोय सर." मग साहेब आले, त्यांनी गाडीत बसून डोकं हलवलं आणि म्हणाले, "ओके आहे सर." मला हसू आलं. हेच वाक्य मी एकतीस वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकलं होतं. आमच्याकडं ओके आहे. पत्र्याला भगदाड असलं तरी आमच्याकडं ओके. तेव्हा ही जात मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिघांनी ठरवून बोलायचं, म्हणजे वॉरंटीत पार्ट द्यावा लागत नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "राहू द्या ना आता. मागं काय हाय ते मी सांगत जाईन."

मी म्हटलं, मग सेन्सरचे पैसे कशाला घातले, तुलाच बंपरला बसवली असती. ती हसली. हल्ली ती माझ्या बोलण्यावर हसायची. आणखी एक गोष्ट मला जाणवत होती. आताशा बोलायच्या आधी ती माझ्या दंडाला हात लावायची. भाजी कोणती करू हे विचारायलासुद्धा जवळ यायची, हात ठेवायची आणि मग बोलायची. तरुणपणी चारचौघांत दोन हात लांबून चालणारी ही बाई, आता हिचं प्रेम उतू चाललंय म्हणून मी मनातल्या मनात फुशारलो होतो. मित्रांनाही आडून सांगितलं होतं की म्हातारपणाला नावं ठेवू नका.

कंपनी फिटेडनं विश्वासघात केला, म्हटल्यावर मी बाहेरचा सेन्सर बसवायचं ठरवलं. छावणी भागात गाड्यांचं सामान लावून देणारा एक फिटर आहे, माझ्याच वयाचा, पांढरी दाढी, डोळ्यांना चष्मा दोरीनं बांधलेला. त्यानं गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, मागं जाऊन पाय आडवा धरला आणि परत आला.

"साब, कंपनी का तो बज रहा. नवे का क्या काम?"

"तुम्ही पण शोरूमचे नातेवाईक का?"

तो दाढीत हसला आणि त्यानं खोकं उघडलं. चार सेन्सर, पुढं काचेजवळ लावायचा लाल-हिरवा डिस्प्ले, आणि बझर. बझर त्याच्याकडं तीन तऱ्हेचे होते. पहिला वाजवला. मी म्हटलं, वाजवा तरी. दुसरा वाजवला, तेव्हा शेजारचा सीट कव्हरवाला दुकानाबाहेर येऊन बघायला लागला. मी म्हटलं, हा जरा बरा. तिसऱ्याला झाडाखालचं कुत्रं उठून रस्त्यापलीकडं गेलं आणि मी म्हटलं, याला म्हणतात सेन्सर.

फिटरनं बझर बंद केला आणि जवळ आला. "साब, कंपनी में कौनसे डिपार्टमेंट में थे?"

"प्रेस शॉप."

"हौ. तभीच." त्यानं आपल्या डाव्या कानाला बोट लावलं. "मैं बीस साल डेंटिंग किया, हथौडा मार मार के. ये गया. साब, तुम्हारे दोनो सेन्सर अच्छे हैं. एक बार कान दिखा लो."

मी त्याला म्हटलं की तू भोकं पाड, डॉक्टरकी करू नको. आज ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते. तो मात्र रागावला नाही. हौ साब म्हणाला आणि ड्रिल घेऊन माझ्या कोऱ्या करकरीत बंपरपाशी बसला. आयुष्यभर नखभर ओरखड्यासाठी लोकांचा जीव खाल्लेला मी, नव्या गाडीला चार भोकं पडताना उभा राहून बघत होतो. कंपनीचे दोन काढले तर वॉरंटी जाईल म्हणून तेही तसेच ठेवले. गाडीच्या पाठीवर गोवर आल्यासारखे सहा ठिपके दिसायला लागले.

परत येताना प्रेस शॉप डोक्यातून जाईना. तिथं पत्रा दाबणाऱ्या मशिनींचा दिवसभर दणदणाट असायचा, म्हणून आम्हाला कानात घालायला रबरी बोळे द्यायचे. ते घालणारा माणूस नाजूक समजला जायचा. बहुतेकांनी त्यांची दोरी डब्याला बांधायला काढून घेतली होती. ऑडिटच्या दिवशी मात्र झाडून सगळे बोळे घालायचे, आणि मग ऑडिटरनं काय विचारलं ते कोणालाच ऐकू यायचं नाही. बोळे सर्वांनी वापरले असं रोज रजिस्टरमध्ये लिहून खाली सही करायची, ती सही माझी. मला राग येत होता आणि तो फिटरवर काढावा की आणखी कुणावर, ते ठरत नव्हतं. शेवटी मी ठरवलं की फिटर आगाऊ आहे.

बाहेरचा सेन्सर कामाला मात्र वाघ निघाला. गल्लीतली पोरं तो वाजला की बाजूला व्हायची, शेजारी ड्रम उचलून आत न्यायचे. अडचण एवढीच की तो कशालाही वाजायचा. बोगनवेलीची फांदी हलली, वाजला. मागं गवत वाढलं, वाजला. पावसाच्या डबक्याला घाबरून वाजला. कंपनीचा बोलत नाही आणि बाहेरचा गप्प बसत नाही, असा माझा संसार सुरू झाला. आठ-दहा दिवसांत मी शिकलो की तो बोंबलला तरी थोडं मागं जायला हरकत नसते, बोगनवेल असते.

त्या दिवशी करमाडला जायचं होतं. बायकोही येणार होती. ती फाटकाला कुलूप लावत असेल, असं मी धरलं. रिव्हर्स टाकला. डिस्प्ले लाल झाला, बझर किंचाळला. बोगनवेल, मी म्हटलं, आणि आणखी थोडा मागं गेलो. तेवढ्यात मागच्या काचेवर हात आपटलेला आरशात दिसला. आवाज नाही, नुसता तळहात. बांगड्यांसकट.

मी उतरून मागं पळालो. ती डिकीत बियाण्याची पिशवी ठेवायला मागं गेली होती. बंपर तिच्या गुडघ्याला लागला होता, पिशवी पडून हरभरा रस्ताभर झाला होता, आणि ती गाडीला धरून उभी होती. मी तिला पायरीवर बसवलं, गुडघा दाबून बघितला. थोडं खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं.

"ओरडायचं नाही का?" मी म्हटलं.

"तीनदा ओरडले. समोरची बाई गच्चीतून ओरडली. कंपनीचा वाजत होता, तुमचा तो भोंगा वाजत होता." ती शांतपणे सांगत होती, तोंड माझ्याकडं करून, एकेक शब्द सुटा करून. ती नेहमी तशीच बोलते हे मला तेव्हा दिसलं. "दोन वर्षं झाली. मागून हाक मारली तर तुम्हाला कळत नाय. म्हणून जवळ येऊन हात लावते. फोनवर पोरगी काय म्हणाली ते परत सांगते, ते काय मला हौस हाय? ट्रकनं हॉर्न दिला की ट्रक आला म्हणते, तर तुम्ही वसकन येता, दिसतंय मला म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पोरीनं किल्ली नेली असती. तुम्ही करमाडहून येता तेव्हा किती बोलता, माहिताय? बाकीचे दिवस नुसते टीव्हीकडं बघता."

प्रेम उतू चाललंय असं सांगत मी मित्रांत मिरवलो होतो. मला रडू आलं. ते लपवायला मी खाली बसून हरभरे वेचायला लागलो. प्रेम होतंच, माझ्या समजुतीपेक्षा पुष्कळ जास्त होतं, आणि मी त्याच प्रेमाच्या गुडघ्यावर गाडी घातली होती.

तिनं पदर झटकला आणि उठली. "कुणाला सांगायचं नाय. समोरच्या बाईला मी बघते. चला, ऊन व्हायच्या आत जाऊन येऊ."

ती खरंच गाडीकडं निघाली होती, लंगडत. तिनं दार उघडलंसुद्धा. मी गाडी बंद केली, किल्ली काढली, तिला हात धरून घरात आणलं आणि मुलीला फोन लावला. स्पीकर चालू केला, आवाज होता तेवढा सगळा वाढवला.

"बेटा, आज धडकली," मी म्हटलं. "तुझ्या आईला. तिला काही झालं नाही, नुसतं खरचटलंय. सेन्सर दोन्ही वाजत होते. आई ओरडत होती. मला काहीच ऐकू आलं नाही. बऱ्याच दिवसांपासून येत नाही. किल्ली घेऊन जा."

एवढं एका दमात बोलून मी थांबलो. पलीकडून काही ऐकू येईना. मुलगी गप्प झाली होती की बोलत होती, मला कळेना. मी फोन कानाजवळ आणला, लांब धरला, तरी कळेना. मग मी बायकोच्या चेहऱ्याकडं बघितलं. ती फोनकडं बघत सारखी मान हलवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणजे पलीकडं मुलगी बोलत होती.